रक्तातील रखवालदार आणि मेंदू

आमच्यासारखा युनियनचा माणूस या व्यासपीठावर उभा राहिला की श्रोत्यांची अपेक्षा बोनस, महागाई भत्ता, फार तर कापसाचा भाव येथपर्यंतची असते. म्हणून यंदा आम्ही हा विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचा संशय रास्त होता. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे सारे वाचनालयात, सुरत-भुसावळ गाडीच्या डब्यात आणि कोर्टाच्या बाकावर झाले. वैद्यकाची पदवी आम्हांस नाही. परंतु एका रखवालदाराच्या खटल्यामुळे हा विषय गळ्यात पडला, आणि गळ्यात पडलेली गोष्ट समजून घेतल्याखेरीज सोडावयाची नाही ही सवय चळवळीने लावली आहे.

गोष्ट १९९३ सालची. शिंदखेडा तालुक्यातील एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर रात्रपाळी करणाऱ्या रखवालदाराला कुत्रे चावले. पोटरीला दोन दात लागले होते, एवढेच. कुत्रे पुन्हा दिसले नाही, म्हणून सरकारी दवाखान्यात त्यास पोटातली इंजेक्शने सुरू झाली. येथे बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या आसपासच्या सर्वांना ती आठवत असतील. बेंबीच्या भोवताली रोज एक, कोणाला दहा दिवस, कोणाला चौदा. आमच्या लहानपणी गल्लीतल्या पोरांना कुत्र्याच्या दातांपेक्षा त्या सुईची धास्ती अधिक होती. तर त्या रखवालदाराला बाराव्या दिवशी ताप आला, डोके ठणकू लागले, लघवी अडली, आणि दोन दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले.

लोक म्हणाले, कुत्रे पिसाळलेलेच होते, विष चढले. पण तसे असते तर माणूस थोड्याच दिवसांत गेला असता. पिसाळरोगाची लक्षणे एकदा प्रकट झाली की त्यातून जवळजवळ कोणी वाचत नाही. हा तर जगला. तीन महिन्यांनी काठीच्या आधाराने उभा राहिला, डावा पाय मात्र कायमचा ओढत राहिला. फॅक्टरीने हात वर केले : चावा किरकोळ होता, पाय गेले ते इंजेक्शनाने, त्याच्याशी आमचा काय संबंध? दवाखाना म्हणे, लस सरकारमान्य आहे, आम्ही सर्वांना हीच देतो. युनियनच्या खोलीत बसून तो आम्हांस म्हणाला, "भाऊ, कुत्रा चावना कंपनीना गेटवर, मंग पाय गयात दवाखानामा. आते कोनले धरू?"

आमचे वय तेव्हा चोवीस. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेली इजा असे शब्द होते. तेव्हा फाटक, चावा, लस आणि पाय ही साखळी कडीला कडी जुळवून दाखविल्याखेरीज गत्यंतर नव्हते. पहिल्या तीन कड्या कोणीही जोडील. लसीपासून पायांपर्यंतची कडी मात्र आम्हांस ठाऊक नव्हती. धुळ्याच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी ती समजावून दिली. त्यांचे वाक्य अजून कानांत आहे : "अहो, त्याच्या शरीराने मेंढीच्या मेंदूवर उगारलेली काठी त्याच्या स्वतःच्याच मेंदूवर बसली."

मेंढीचा मेंदू येथे कोठून आला, असे आम्हीही विचारले होते.

पाश्चरने १८८५ साली पिसाळरोगावरची पहिली लस टोचली ती सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. या रोगाचा विषाणू चेतासंस्थेतच भरभरून वाढतो, तेव्हा लस करावयाची तर मेंदूच हाताशी घ्यावा लागे. पुढे डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने हिमालयाच्या पायथ्याजवळील कसौली येथे १९११ साली आपली पद्धत मांडली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवावयाचा, तो मेंदू वाटून पातळ करावयाचा आणि कार्बोलिक आम्लाने त्यातील विषाणू मारावयाचा. लस स्वस्त होती, आपल्या देशातच तयार होत होती, आणि तिने असंख्य माणसांना निश्चित मरणापासून वाचविले, हे प्रथम सांगितले पाहिजे. कृतघ्नपणा नको. परंतु प्रत्येक सुईबरोबर विषाणूच्या जोडीला मेंढीचा मेंदूही माणसाच्या अंगात जाई, आणि तोही एकदा नव्हे, दहा-चौदा वेळा.

आता शरीराचा कारभार पाहू. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील लिम्फोसाइट नावाच्या पेशी म्हणजे शरीराचे रखवालदार. परके काही आत आले की यांतील काही पेशी एक प्रकारची प्रथिने तयार करतात, त्यांना प्रतिद्रव्ये म्हणतात. प्रतिद्रव्य हे कुलपाच्या किल्लीसारखे एका ठरावीक आकारालाच बसते. जेथे तो आकार दिसेल तेथे ते चिकटते आणि मारेकऱ्यांना बोलावते. रखवालदार मेंढीचा मेंदू पाहून बिथरले तर त्यात त्यांची चूक कोणती? मेंदूतील तारांवर चरबीचे एक वेष्टन असते, विजेच्या तारेवर रबर असते तसे. त्याला मायलिन म्हणतात. मेंढीच्या मायलिनातील प्रथिने आणि माणसाच्या मायलिनातील प्रथिने बऱ्याच अंशी सारखी असतात. प्रतिद्रव्याला आकार कळतो, मालक कळत नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली हे माकडांवर दाखवून दिले. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूची इंजेक्शने पुनःपुन्हा दिली. त्यात विषाणू मुळीच नव्हता. तरीही काही माकडांचे पाय गेले. म्हणजे गुन्हेगार विषाणू नव्हे. पुढे थायलंडमधील डॉक्टरांनी १९८७ साली सेंपलच्या लसीने आजारी झालेल्यांचे रक्त व पाठीच्या कण्यातील पाणी तपासले, तेव्हा मायलिनातील एका प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये त्यांत भरपूर सापडली. अशा अर्धांगाचे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे नोंदले गेले : कोठे काही शेकड्यांत एक, कोठे काही हजारांत एक. हजारांत एक हा आकडा वहीत लहान दिसतो. तो एक आमच्या खोलीत काठी टेकून बसला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून मेंदूपासून केलेल्या या लसी बंद करा असा आग्रह धरला. आपल्या देशात त्यांचे उत्पादन थांबले २००४ च्या डिसेंबरात. मधली वीस वर्षे पेशींवर वाढविलेली निर्धोक लस औषधांच्या दुकानात मिळत होती. ज्याच्या खिशात पैसे त्याला दंडात चार-पाच सुया, आणि ज्याच्या नाहीत त्याला पोटात चौदा. आम्ही हा हिशेब कामगारांच्या सभांतून पुष्कळदा मांडला आहे, येथे लांबवीत नाही. २००६ साली कातडीच्या थरात थोडीशी लस देण्याची पद्धत मान्य झाली आणि सरकारी दवाखान्यांना नवी लस परवडू लागली. आजच्या लसीत मेंदू नाही. तेव्हा आमचे बोलणे ऐकून कोणी सुई टाळील तर ते आमच्या माथी पाप होईल. कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रखवालदाराचा दावा दोन वर्षे चालून तडजोडीत मिटला. रक्कम सांगण्यासारखी नव्हती. पण आमचे वाचन तेथे थांबले नाही, कारण एक निराळाच प्रश्न मनात घर करून बसला. मेंढीचा मेंदू टोचला म्हणून माणसाचा मेंदू दुखावला, हे पटते. पण बाहेरून कोणी काही न टोचता शरीर आपणहून मेंदूविरुद्ध काठी उगारील काय? पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले होते की शरीराला आत्मघाताची उपजत दहशत असते, ते सहसा असे करणार नाही. मोठ्या माणसाचा शब्द. तो पुष्कळ वर्षे चालला. मग वाचता वाचता आम्हांस एक चमत्कारिक गोष्ट आढळली. शरीर अशी काठी उगारते, आणि कित्येकदा तीच काठी मेंदूवर आणि खुद्द रखवालदारांवर अशी दोन्हीकडे पडते.

येथे थोडे सावकाश जाऊ, कारण आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केलेल्यांना गाठीवरचा मार्का ठाऊक आहे. गाठ कोणाची, कोठली, हे हमाल गाठ फोडून पाहत नाही. गोणपाटावर रंगाने ठोकलेला मार्का पाहून तो गाठ या थप्पीला की त्या थप्पीला हे ठरवितो. दोन फॅक्टऱ्यांनी एकच मार्का ठोकला तर हमाल बिचारा काय करील? शरीरातील प्रत्येक पेशीच्या अंगावर असे मार्के असतात. १९६४ साली राइफ आणि ॲलन या दोघा संशोधकांना उंदराच्या थायमस ग्रंथीतील पेशींवर एक मार्का सापडला. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी म्हणजे टी-लिम्फोसाइट या रखवालदारांची तालीम. तोच मार्का त्यांना दुसऱ्या एका ठिकाणी विपुल दिसला, तो उंदराच्या मेंदूत. पुढे त्याला थाय-१ हे नाव मिळाले. १९७१ साली गोलब याने सशाला उंदराचा मेंदू टोचला आणि सशाच्या रक्तातला रस उंदराच्या लिम्फोसाइटांवर घातला. त्या रसाने लिम्फोसाइट मारले. मेंदूविरुद्ध तयार झालेले हत्यार रखवालदाराला लागू पडले. मौज अशी की त्यानंतर प्रयोगशाळांनी हा मेंदूविरोधी रस टी-लिम्फोसाइट ओळखण्याचे साधन म्हणूनच वापरावयास घेतला.

सेंपलची लस आणि हा ससा यांचे कूळ एकच, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. मात्र माणसाच्या टी-लिम्फोसाइटांवर थाय-१ उंदरासारखा ठसठशीत नसतो. म्हणून उंदराची गोष्ट जशीच्या तशी आमच्या रखवालदाराला लावता येत नाही. त्याचे पाय गेले ते मायलिनापायी.

पण मेंदूचा आणि रखवालदारांचा मार्का एक असावाच कशासाठी? ऑक्सफर्डच्या ॲलन विल्यम्सने १९८२ साली मेंदूतील थाय-१ ची घडण उलगडली, तेव्हा ती प्रतिद्रव्यांच्या घडणीशी मिळतीजुळती निघाली. म्हणजे मेंदूच्या पेशीवरचा मार्का आणि रक्तातील हत्यार हे एकाच घराण्यातले दूरचे भाऊबंद! शेजारच्या पेशीला ओळखणे, तिला धरून राहणे, तिच्याकडून निरोप घेणे ही कामे मेंदूच्या पेशींना करावी लागतात आणि रखवालदारांनाही. निसर्ग काटकसरी आहे. एकदा घडलेला साचा तो टाकून देत नाही, दुसऱ्या खात्यात वापरतो. आम्हांस तर हे वाचून जुन्या गिरणीतल्या फोरमनची आठवण झाली. कोणत्याही यंत्राचा सुटा भाग दुसऱ्या यंत्राला बसवून दाखविण्यात त्याचा हातखंडा होता.

माणसांतलेच उदाहरण हवे असेल तर तेही आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात आबो आणि बाल्च यांनी १९८१ साली माणसाच्या रक्तातील एका जातीच्या मारेकरी पेशी ओळखणारे प्रतिद्रव्य तयार केले. दोन वर्षांतच दिसून आले की ते प्रतिद्रव्य मायलिनातील एका प्रथिनालाही चिकटते. दोहोंवर साखरेच्या साखळीचा एकच विशिष्ट तुकडा लटकत होता. आणि उतारवयातल्या काही माणसांच्या रक्तात अगदी याच तुकड्याविरुद्धचे प्रतिद्रव्य आपोआप साठत जाते. त्यांचे तळपाय बधिर होतात, अंधारात तोल जातो, लोक म्हणतात वय झाले.

आता त्या आजाराकडे येऊ ज्याच्यामुळे आम्ही हे भाषण करावयाचे ठरविले. त्याचे नाव ल्युपस. दहा रोग्यांत नऊ बायका, आणि त्याही बहुतेक ऐन तरुण वयातल्या. सांधे दुखतात, ताप राहतो, केस गळतात, गालांवर फुलपाखराच्या आकाराचे लाल चट्टे उठतात, मूत्रपिंडे बिघडतात. अनेकींच्या रक्तात लिम्फोसाइट कमी झालेले आढळतात. १९७० साली टेरासाकी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की या रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच लिम्फोसाइटांना मारणारी प्रतिद्रव्ये असतात. दुसरीकडे डॉक्टरांना हेही माहीत होते की यांतील कित्येकींना फेफरे येते, भास होतात, स्मरण जाते, मन सैरभैर होते. एक तक्रार रक्ताची, दुसरी डोक्याची. दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत मांडलेल्या.

कॅलिफोर्नियात ब्लूस्टाइन आणि झ्वाइफ्लर यांनी १९७६ साली ही दोन खाती जोडली. त्यांची युक्ती साधी होती. ल्युपस झालेल्या रोग्याच्या रक्तातला रस घ्यावयाचा, त्यात माणसाच्या मेंदूचा वाटलेला अंश मिसळावयाचा आणि मग तो अंश काढून टाकावयाचा. लोखंडाचा कीस मिसळलेल्या सरकीतून लोहचुंबक फिरवून काढावे तसे; मेंदूला चिकटणारे जे जे असेल ते मेंदूबरोबर निघून जाणार. उरलेला रस पुन्हा लिम्फोसाइटांवर घातला, तेव्हा त्याची मारक शक्ती उतरली होती! म्हणजे लिम्फोसाइटांना मारणारे आणि मेंदूला चिकटणारे प्रतिद्रव्य बऱ्याच अंशी एकच होते.

यावरून ज्याच्या रक्तात असे प्रतिद्रव्य त्याचे डोके बिघडणारच, असे कोणी समजू नये. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक नाका आहे. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की प्रतिद्रव्यासारखा मोठा माल सहसा आत सोडला जात नाही. रक्तात कितीही असो, नाका शाबूत असेल तर मेंदू सुखरूप. म्हणूनच पुढे ब्लूस्टाइनने पाठीच्या कण्यातले पाणी तपासले. मनाची लक्षणे असलेल्या रोग्यांत चेतापेशींना चिकटणारी प्रतिद्रव्ये त्या पाण्यात अधिक आढळली. न्यूयॉर्कच्या बेटी डायमंड यांच्या गटाने २००१ साली दाखविले की ल्युपसमधील काही प्रतिद्रव्ये, जी मुळात पेशीच्या केंद्रातल्या डीएनएविरुद्धची म्हणून ओळखली जात, ती चेतापेशींवरील स्मरणाशी संबंधित एका ग्राहीलाही चिकटतात. त्यांनी उंदरांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये निर्माण केली, उंदीर ठणठणीत. मग जंतूंचे विष देऊन नाका ढिला केला, आणि तेव्हा कोठे उंदरांच्या मेंदूतील स्मरणाचा भाग बिघडला. एखादी बाई वर्षभर नुसते सांधे दुखतात म्हणत असते आणि एका साध्या तापानंतर अचानक असंबद्ध बोलू लागते, हे कसे घडत असेल याचा थोडा अंदाज यावरून येतो.

याच ग्राहीविरुद्धच्या प्रतिद्रव्यांचा एक स्वतंत्र आजार जोसेप डाल्माऊ यांनी २००७ साली अमेरिकेत ओळखला. त्यात ल्युपस नसतो. बहुधा तरुण मुलगी, चार-आठ दिवसांत वागणे पालटते, झोप उडते, किंचाळते, तोंड वेडेवाकडे करते, मग फेफरे. कित्येकदा अंडाशयात एक गाठ असते. त्या गाठीत चेतापेशींसारखा अंश असतो आणि रखवालदार तो पाहून बिथरतात. पुन्हा मेंढीचीच गोष्ट, फक्त मेंढी आपल्याच पोटात. २०१३ साली पाचशेंहून अधिक रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी पाचांत सुमारे चार दोन वर्षांत चांगले सुधारले होते, आणि ज्यांना लवकर मिळाले ते अधिक. स्टेरॉइडे, रक्तातला रस बदलणे, दात्यांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिद्रव्ये शिरेतून देणे हे ते उपचार. शेवटचा फार महाग. त्याचा खर्च लाखांत जातो.

आपल्याकडे हे कसे घडते ते सांगतो. २०१९ साली जिल्ह्यातील एका सूतगिरणीतली चोवीस वर्षांची मुलगी कामावर येईनाशी झाली. तिची आई आमच्याकडे आली ती गिरणीची नोटीस घेऊन. मुलीचे सहा महिने सांधे धरत होते, कंगव्यात केस येत होते. ते कोणी मनावर घेतले नाही. मग तापानंतर ती भिंतीशी बोलू लागली, जेवणात विष आहे म्हणू लागली. घरच्यांनी तीन आठवडे भगताकडे नेले. लिंबू, अंगारा, एक कोंबडे. आम्ही त्यांस हसलो नाही. ज्या घराला रक्ताची तपासणी म्हणजे दोन दिवसांची मजुरी, ते घर आधी जवळच्या माणसाकडे जाते. आम्हांस एकच गोष्ट सुचली. ताप आला तेव्हा गावातल्या डॉक्टरने रक्त तपासले होते काय, असे विचारले. आईने पिशवीतून चुरगाळलेली चिठ्ठी काढली. पांढऱ्या पेशी कमी, आणि त्यांत लिम्फोसाइट फारच कमी.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही धुळ्यास गेलो. पुढचे काम डॉक्टरांचे, ल्युपसच निघाला. तिच्या बाबतीत एकाच प्रतिद्रव्याने रक्त आणि मन दोन्ही बिघडविले असे छातीठोकपणे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही सांगत नाही. पण डॉक्टरांना संशय आला तो दोन्ही खाती एकत्र वाचल्यामुळे. औषधे सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात तिने आईला विचारले, गिरणीत माझ्या जागी कोणाला घेतले?

जागेचे भांडण आम्ही जिंकले. रजेचे मात्र दीर्घकाळ अडून राहिले. गिरणीच्या कारकुनाने आजाराच्या रकान्यात 'मानसिक' असे लिहिले होते. आम्ही म्हणत होतो, तेथे ल्युपस लिहा. तो म्हणे, वागणे तर डोक्याचेच बिघडले होते ना? तीन बैठका या एका शब्दावर झाल्या. शेवटच्या बैठकीत मुलगी स्वतः आली होती. तिने रक्ताची ती जुनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि लिम्फोसाइटांच्या आकड्यावर बोट ठेवून कारकुनाला म्हणाली, "दादा, हे पन बिघडेल व्हतं."